अण्णाची कोरी पानं

अण्णा, तुझा टॅब्लेट मी अजून इंटरनेटला जोडलेला नाही. कॉफीच्या, म्हणजे आपल्या कापीच्या, फिल्टरशेजारच्या फळीवर, तुझ्या त्या पिवळ्या कापडी पिशवीतच तो आहे. रोज काढते, चार्ज करते आणि परत पिशवीत ठेवते. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात विमानाचं छोटं चित्र तसंच आहे. ते दाबलं की काय होईल हे या घरात फक्त मला माहीत आहे, आणि या घरात आता फक्त मीच आहे.

शेजारच्या शाळेत नव्याने आलेल्या टीचरने परवा विचारलं, तुमचे अण्णा, थोरले भाऊ, काय करायचे? मी तमिळमध्ये सांगितलं, गाडी चालवायचे. घरी आले तरी ते उत्तर मला टोचत होतं. गाडी तू चालवायचास हे खरंच. पण महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना चार-चार दिवस दारासुरम्, तिरुविडैमरुदूर, तिरुक्करुगावूर अशा देवळांच्या गावांतून फिरवायचास आणि त्यांच्याशी आपल्या घरच्या मराठीत बोलायचास, तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जुन्या मराठीत. पहिल्या तासाला ते हसायचे. ‘काका, तुम्ही पोथीतल्यासारखं बोलता,’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच माणसं तुला अशा गोष्टी सांगत असायची, ज्या त्यांनी सख्ख्या भावाला सांगितल्या नसतील. या कामाला काय म्हणायचं ते मला तमिळमध्ये येत नाही, आणि मराठीतही येत नाही.

ते सगळं तू वह्यांत लिहायचास. कोणाचं नक्षत्र कोणतं, कोणाच्या आजींना पायऱ्या चढवत नाहीत, कोणाला सांबार तिखट लागतं, कोण काय मागायला आलंय. भाषा मराठी आणि अक्षरं तमिळ, कारण शाळेत तुला तीच शिकवली. तुझ्या वह्या जगात दोनच माणसांना वाचता यायच्या. आता एकच उरलंय.

मी पुण्यात नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. तिथलं लग्न आणि तिथली नोकरी एकाच वर्षी संपली, तेव्हा थोडे दिवस म्हणून कुंभकोणम्‌ला आले. त्याला सहा वर्षं झाली. चेन्नईच्या एका कंपनीचं काम घरून करायचे आणि तुझ्या यात्रेकरूंचे फोन घ्यायचे. दर दिवाळीला मी म्हणायचे, पुढच्या वर्षी पुण्याला परत जाईन. तू म्हणायचास, ‘बरें. पण तूं आलीस कीं नाही तें एकदां नीट सांग गे, मग मी लिहितों.’ कुठे लिहिणार होतास, ते मी कधी विचारलं नाही.

नोट्सच्या सॉफ्टवेअरचा हट्ट माझाच. साताऱ्याची मंडळी चार वर्षांनी परत आली होती आणि तुला त्यांची वही सापडेना. दिवसभर तू चुकल्याचुकल्यासारखा वावरलास. मी म्हटलं, अण्णा, हे सगळं एका टॅब्लेटमध्ये मावेल. तू म्हणालास, ‘मावेल. सांपडेल कां?’ इतकी वर्षं टेस्टिंगमध्ये काढली, पण हा प्रश्न इतका सरळ कोणी विचारलेला मी ऐकला नव्हता.

चार सॉफ्टवेअर डाउनलोड केली. मी माझ्या सवयीने तक्ता केला, काय काय तपासायचं त्याचा. तुझा तक्ता वेगळा होता. पहिलं सॉफ्टवेअर नेटशिवाय उघडायचंच नाही. तिरुक्करुगावूरच्या वाटेवर भातशेतांत रेंज जाते, तिथे ते नुसतं गोल गोल फिरत बसलं. तू ते गाडीतल्या आजींसमोर धरलंस आणि म्हणालास, ‘प्रदक्षिणा घालतें आहे. संपली कीं उघडेल.’ दुसऱ्याला प्रत्येक नोंद कुठल्या ना कुठल्या खणात ठेवायची असायची. तू एकच खण केलास, ‘आपलीं माणसें’, आणि झाडून सगळ्यांना त्यात घातलंस. तिसरं हाताने लिहिलेलं छापील करून द्यायचं. त्याने तुझी अक्षरं बघितली, ही तमिळच आहे असं ठरवलं आणि जे काही छापून दिलं ते वाचून आपण ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो. चौथं साधं होतं. नाव तेवढं टाइप करायचं, खाली हवं तसं हाताने लिहायचं. नेट नसलं तरी चालायचं, आणि नेट आलं की लिहिलेलं माझ्या लॅपटॉपवर यायचं. ते पास झालं.

पास म्हणजे माझ्याकडून. तुझी परीक्षा पुढेही चालूच होती. दारासुरम्‌च्या देवळाच्या पायरीवर उन्हात पडदा दिसेना, तर तू डोक्यावरून टॉवेल घेऊन आत टॅब्लेट धरून लिहीत बसलास. एका छोट्या मुलीने आईला विचारलं, ते काका रडतायत का? राहुकाळात तू नवी नोंद करायचा नाहीस. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ या वेळात एकही नोंद का नसते याचा मी दोन आठवडे तपास केला. सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे असं मी जवळजवळ लिहून कळवणार होते. शेवटी तुझ्या तळहातावर बॉलपेनने लिहिलेलं नाशिकच्या कुटुंबाचं गोत्र दिसलं.

आणि विमानाचं चित्र. ते मीच तुला शिकवलं. नेट तुटल्यावर लिहिलेलं हरवतं का हे मला बघायचं होतं. हे दाब, लिही, पुन्हा दाब, आणि माझ्याकडे येतंय का बघू. तुझ्याकडून मी ते वीस वेळा करून घेतलं. तू चष्म्यावरून बघत म्हणालास, ‘हें दाबलें कीं तुझामाझा संबंध तुटतो, असेंच कीं?’ मी म्हटलं, असेंच.

आता त्या कोऱ्या पानांविषयी. वह्यांमध्ये तू प्रत्येक कुटुंबाखाली अर्धं पान मोकळं सोडायचास. टॅब्लेटवर पान कधी संपतच नाही, म्हणून तू प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीमागे त्याच नावाची दुसरी नोंद उघडून कोरी ठेवायला लागलास. मूल व्हावं म्हणून तिरुक्करुगावूरच्या देवीचं तूप घेऊन गेलेली जोडपी असायची, त्यांचं तर नक्कीच. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालास, ‘मागावयास आले, तर सांगावयासही येतील कीं गे. तेव्हां ठाव नको कां?’ तू त्यांना कधी फोन करून विचारलं नाहीस. ते आपणहून परत आले, त्यांनी सांगितलं, की त्यांच्यासमोर त्या कोऱ्या पानावर लिहायचास आणि त्यांना दाखवायचास. सांगायचं आलेल्याने, लिहायचं तू. उलट कधी नाही.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नसताना चूक झाली, असं म्हणायची सोय मला नाही. नाव शोधलं की प्रत्येकाच्या दोन-दोन नोंदी यायच्या, फोनवर बोलताना घाईत माझ्याकडून नेमकी रिकामी उघडायची. परत येतील तेव्हा नवी करता येईल, असा माझा विचार. म्हणून त्या दुपारी मी लॅपटॉपवर बसून सगळ्या रिकाम्या नोंदी निवडल्या आणि पुसल्या. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. संध्याकाळी तू आलास तेव्हा कापीचा टंबलर, खालच्या दवऱ्याच्या वाटीसकट, तुझ्यापुढे सरकवत मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, साफसफाई केली.

तू टंबलर खाली ठेवलास. ‘अवघीं?’

‘रिकामींच होतीं, अण्णा.’

‘रिकामीं नव्हतीं गे. त्यांचीं होतीं.’ मग टॅब्लेटकडे बोट दाखवलंस. ‘ह्यांतूनही गेलीं कां?’

‘नेटला लागला कीं जातील,’ मी म्हटलं. टेस्टर म्हणून उत्तर अगदी बरोबर होतं. तू टॅब्लेट उचललास आणि आतल्या खोलीकडे निघालास. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला राग आला होता, केलेल्या कामाचं कौतुक नाही म्हणून. तुझ्या पाठीमागून मी म्हटलं, ‘येतात किती जण परत, अण्णा? मूठभर. बाकीच्यांचीं पानें कोणासाठीं उघडीं ठेवावयाचीं?’

तू दारात थांबलास आणि तमिळमध्ये म्हणालास, ‘उनक्कु पुरियादु.’ तुला समजायचं नाही.

दुसऱ्या कोणाला हे साधं वाटेल, पण तुला आणि मला ठाऊक आहे. आपल्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ, हे आईच्या वेळेपासून. घरात तमिळ कानावर आलं म्हणजे कोणी परकं आलेलं असायचं. त्या संध्याकाळपासून अकरा दिवस तू माझ्याशी तमिळ बोललास. जेवण झाकून ठेवलंय, तमिळमध्ये. गॅसवाला येऊन गेला, तमिळमध्ये. मीही कमी नाही, मीही तमिळमध्येच उत्तरं दिली. तुझ्या नव्या नोंदी माझ्या लॅपटॉपवर यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, तू रागाने वहीकडे परत गेलास.

बाराव्या दिवशी सकाळी तू किल्ली खिशात टाकलीस, चपला घातल्यास आणि उंबऱ्यावरून म्हणालास, ‘येतों गे.’

मराठीत. मी स्वच्छ ऐकलं. मला कळलं की हा आता निवळला. आणि मी काय केलं असेल, तर लॅपटॉपमधून मान वर न करता तमिळमध्ये म्हटलं, ‘सरी.’ ठीक आहे. अजून एक दिवस झुरू दे याला, असं माझ्या मनात होतं. उद्या बोलू. तू क्षणभर उभा होतास. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

दुपारी तिरुक्करुगावूरहून फोन आला. देवळातून परतलेल्या मंडळींना तू गाडीत, झाडाच्या सावलीत, मान मागे टेकून बसलेला दिसलास. थोडा वेळ त्यांनी तुला हाक मारली नाही. काकांची झोप मोडायला नको, म्हणाले.

तुझे तेरा दिवस झाले आणि आलेले सगळे आपापल्या गावी गेले. त्यानंतर मी दोन दिवस कोणाशीच मराठी बोलले नाही. हे मोजून लक्षात आलं असं नाही. तिसऱ्या दिवशी हातातून झाकणी पडली आणि तोंडातून ‘अगे बाई’ निघालं, तेव्हा माझाच आवाज मला अनोळखी वाटला. दूधवाला, भाजीवाली, कंपनीतली माणसं, सगळ्यांशी बोलत होते. पण उंबऱ्याच्या आत बोलायला कोणी नाही, म्हणून आतली भाषा नुसती बसून होती. तुझ्यासाठी मला रडू आलं ते सगळ्यात जास्त त्या दिवशी.

त्याच संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. जळगावची, दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आली होती.

‘ताई, सेतुकाका आहेत का? त्यांना फक्त एवढं सांगा, जळगावच्या स्नेहलला मुलगी झाली. पुढच्या महिन्यात घेऊन येतोय, देवीपुढे पाळण्यात घालायला.’

मी सांगितलं. तू गेल्याचं. पलीकडे बाळ कुरकुरत होतं. मग ती रडतरडत म्हणाली, ‘त्यांनी आमचं पान कोरं ठेवलं होतं हो. मला दाखवलं होतं. डॉक्टरांकडून आले की मी त्या पानाचाच विचार करायचे. कुंभकोणम्‌ला एक माणूस आपली जागा धरून बसलाय, असं वाटायचं. ते आहे ना, ताई?’

‘आहे,’ मी म्हटलं.

खोटं बोलले. ते मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा तुझी पिवळी पिशवी उघडली. टॅब्लेटची बॅटरी संपली होती. चार्जिंगला लावून समोर बसून राहिले. पडदा उजळला आणि कोपऱ्यात विमानाचं चित्र दिसलं.

अण्णा, त्या संध्याकाळी आतल्या खोलीत तू रुसून बसला नव्हतास. मी शिकवलेलं तू तिथे एकविसाव्यांदा केलंस आणि माझा हुकूम पोहोचायच्या आत संबंध तोडलास. सगळी पानं होती. साताऱ्याचं, नाशिकचं, जळगावचं, एकेका नावाखाली कोरी करकरीत. त्या अकरा दिवसांत नवीन आलेल्या दोन कुटुंबांच्या नोंदी होत्या, आणि त्यांचीही कोरी पानं होती. मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी तुझ्या पाया पडले असते. की मी विचारायची वाट बघत होतास?

मग मला आपल्या चाचणीतल्या खोट्या कुटुंबाची आठवण झाली. अगदी सुरुवातीला तुला शिकवताना मी नमुना म्हणून माझंच नाव टाइप केलं होतं. ‘मीना, पुणे. माणसं एक. वांगं खात नाही. खिडकीपाशी बसते.’ चाचणी संपल्यावर पुसायचं असतं ते. लॅपटॉपवर नुसतं शीर्षक बघून मी कधी आत शिरले नव्हते. आता तुझ्या टॅब्लेटवर उघडलं, तर माझ्या चार छापील ओळींखाली तुझी तमिळ अक्षरं लागली होती, वेगवेगळ्या वेळी लिहिलेली, काही तिरकी, काही गाडीत लिहिल्यासारखी थरथरलेली. ‘सकाळीं कापीच्या आधीं बोलूं नये.’ ‘पुण्याचें कोणी विचारलें तर विषय बदलावा.’ ‘डोकें दुखतें पण सांगत नाही.’ आणि सगळ्यात खाली, ताजी ओळ: ‘रागांत जेवत नाही. दहींभात झांकून ठेवावा.’

अकरा दिवस झाकून ठेवलेला दहीभात मी खाल्ला होता. त्यात डाळिंबाचे दाणे असायचे. तमिळमध्ये बोलणाऱ्या माणसाने ते सोलून घातलेत, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या नोंदीच्या मागे दुसरी होती. माझ्याच नावाची, कोरी. दर दिवाळीला तू जे लिहीन म्हणायचास, ते तिथे लिहिणार होतास. मी आलेय की नुसती थांबलेय, हे मी तुला कधी सांगितलंच नाही, म्हणून तूही लिहिलं नाहीस. यात्रेकरूंना लावायचास तोच नियम तू मला लावलास. इतर कोणी असता तर सहा वर्षांनी आपणच काहीतरी खरडून मोकळा झाला असता.

आता माझी अडचण सांगते. टॅब्लेट नेटला जोडला की माझा जुना हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचणार आणि ही सगळी पानं जाणार. सॉफ्टवेअरला कोरं आणि राखून ठेवलेलं यातला फरक कळत नाही. मलाही कळला नव्हता, त्यामुळे त्याला नावं ठेवत नाही. सगळी पानं एकदम सुरक्षित काढून घ्यायची युक्ती मला येते. माझा धंदाच तो. पण ती मी केली नाही. रोज संध्याकाळी तुझा टॅब्लेट डावीकडे आणि माझा लॅपटॉप उजवीकडे ठेवते. एक नाव वाचते, टाइप करते, नोंद कोरी ठेवते, मग पुढचं. प्रत्येक नाव मोठ्याने म्हणते. त्या निमित्ताने घरात थोडं मराठी बोलणं होतं. सोमवारी सकाळी वेळ असला तरी साडेसात ते नऊ हात लावत नाही, हसू नकोस.

स्नेहलचं पान पहिलं केलं. पुढच्या महिन्यात ती येईल तेव्हा गाडी दुसऱ्याची असेल, पण मी बरोबर जाणार आहे. ती सांगेल, मी तिच्यासमोर लिहीन आणि तिला दाखवीन. तमिळ अक्षरांत लिहायचं मी ठरवलंय. तिला वाचता येणार नाही, पण तुझंही तिला वाचता येत नव्हतंच.

काल शेवटचं नाव उरलं, माझं. तेही उतरवलं. खाली ‘आली’ असं लिहावं म्हणून हात तिथवर गेला, पण नियम तुझाच आहे. सांगायचं आलेल्याने, लिहिणारा वेगळा. तेव्हा मी फक्त सांगते. अण्णा, मी आले. थोडे दिवस नाही, पुढच्या दिवाळीपर्यंत नाही, राहायला आले. लिहायला आता कोणी नाही, त्यामुळे ते पान कोरंच राहणार, आणि त्याचं मला वाईट वाटतं. खूप वाटतं.

एक उत्तर माझ्याकडे राहून गेलंय. त्या सकाळी तू उंबऱ्यावर क्षणभर थांबला होतास ना, ते त्याच्यासाठीच, हे मला तेव्हाही कळलं होतं. काल काम संपल्यावर मी दारापर्यंत गेले, तू उभा होतास तिकडे तोंड केलं आणि आपल्या भाषेत, ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

बरें, अण्णा. ये.